इंधनाविना वीज: दावा तपासायचा कसा?

गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांनी मला दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. पत्र्याची शेड, एक मोटर, पट्ट्यावर फिरणारं मोठं लोखंडी चाक, चाकाला जोडलेला अल्टरनेटर (फिरवला की वीज देणारं यंत्र) आणि १००-१०० वॅटचे दोन पिवळे बल्ब. घरच्या लाइटवर मोटर सुरू केली, चाकाला वेग आल्यावर मोटर अल्टरनेटरच्याच विजेवर घेणारा चेंजओव्हर स्विच फिरवला आणि भिंतीतली पिन उपटून कॅमेऱ्यापुढे धरली. बल्ब जळतच राहिले. "ना डिझेल, ना लाइटबिल," असं मागून कुणीतरी म्हणत होतं. नातेवाइकांचा प्रश्न सरळ होता: विहिरीवरच्या पंपासाठी असं यंत्र करून घ्यायचं आहे, चाळीस हजार आगाऊ मागतायत, देऊ का?

ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हे शाळेतलं उत्तर बरोबरच आहे. पण ज्यानं जळणारा बल्ब डोळ्यांनी पाहिलाय त्याचं तेवढ्यावर समाधान होत नाही, आणि ते होऊ नये असंच मला वाटतं. नियम मोजमापांतूनच आले, तर दाव्याचं उत्तरही मोजमापातून द्यावं. १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणंच बंद केलं. अकादमीला ते परवडतं. विसार मागणारा दारात उभा असलेल्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून मी ज्या क्रमानं अशी यंत्रं तपासतो, तो क्रम इथे सविस्तर लिहितो.

आधी दावा कागदावर घ्या

यंत्राला हात लावण्यापूर्वी दावा एका वाक्यात लिहा आणि त्यात आकडे असू द्या. "भरपूर वीज देतं" हे तपासता येत नाही. "बाहेरून काहीही न घेता सलग २४ तास ५०० वॅट देतं" हे येतं. त्याखाली दुसरं वाक्य लिहा: काय घडलं तर दावा फसला असं दोघंही मान्य करू. मग दोघांच्या सह्या, तारीख, वेळ.

हे दुसरं वाक्य लिहून घेताना सर्वात जास्त कुरकुर होते, आणि सर्वात जास्त उपयोगही त्याचाच होतो. ते नसेल तर चाचणी फसल्यावर बेअरिंग गरम झालं होतं, आज हवा दमट होती, तुमच्या मीटरमुळे लहरी बिघडल्या, अशी कारणं निघत राहतात. ती खरीही असू शकतील. पण मग ती दुरुस्त करा आणि नवी तारीख लिहून नवी चाचणी घ्या. झालेल्या चाचणीचा निकाल मागाहून बदलायचा नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मला भेटलेले बहुतेक दावेदार लबाड नव्हते. त्यांनी स्वतःचे पैसे आणि कित्येक वर्षं त्यात घातली होती, त्यांना मीटरनं फसवलं होतं. तेव्हा माणसाचा अपमान न करता बोला.

यंत्राभोवती रेघ ओढा

आता यंत्राभोवती एक रेघ मारा. खडूनं खरोखर मारली तरी चालेल. त्या रेघेतून आत काय जातं आणि बाहेर काय येतं, याची आवक-जावक नोंदवही ठेवायची. वायर, पट्टा, पाइप, हवा, पाणी, ऊन, अगदी ढवळायची काठीसुद्धा या नोंदीत हवी.

काठीचं सांगतो ते कारणाशिवाय नाही. १९९६ साली तमिळनाडूत रामर पिल्लै यांनी वनस्पती पाण्यात उकळून पेट्रोल करतो असा दावा केला आणि देशभर खळबळ उडाली. संशय होता तो ढवळायच्या पोकळ दांडीवर, तिच्यातच इंधन भरलेलं असतं असा. प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. अशा दाव्याला लागणारं उपकरण म्हणजे साधा तराजू. भांडं, पाणी, पाला, काठी, सगळं आधी वजन करायचं आणि नंतरही करायचं. भांडी आणि काठी मात्र आपण न्यायची.

त्याआधी जवळपास दोनशे वर्षं, १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस आपोआप चालणारं यंत्र तिकीट लावून दाखवत होता. वाफेच्या बोटी बांधणारे रॉबर्ट फुल्टन ते पाहायला गेले. त्यांच्या कानाला यंत्राचा वेग एका फेरीत कमीजास्त होताना ऐकू आला, हातानं दांडा फिरवल्यावर होतो तसा. त्यांनी बाजूच्या फळ्या काढायला लावल्या. आतून निघालेला पट्टा भिंतीतून वर गेला होता आणि माळ्यावर एक म्हातारा दांडा फिरवत बसला होता. म्हणून यंत्र लाकडी टेबलावर उचलून ठेवा, सर्व बाजूंनी पाहता आलं पाहिजे. अर्थिंगच्या वायरीतली वीजही मोजा, कारण न्यूट्रल आणि अर्थ यांतून वीज येऊ शकते. शक्य असेल तर यंत्र दुसऱ्या जागी नेऊन चालवा.

रेघ चुकली तर प्रामाणिक यंत्रही चमत्कार वाटतं. हीट पंपावर चालणारा गीझर एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता पाण्यात टाकतो. त्यात खोटं काही नाही, उरलेली उष्णता तो बाहेरच्या हवेतून खेचतो. हवेला नोंदवहीत जागा दिली की हिशोब जुळतो.

आधीची शिल्लक मोजा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या कामाला तंतोतंत लागू पडते. पण आडात आधीच पाणी असेल तर पोहरा बराच वेळ भरून येतो. घरातल्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. दोन आकड्यांचा गुणाकार १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. ती १०० वॅटचा बल्ब कागदावर १८ तास जाळते. यंत्राच्या बुडाशी अशी एक बॅटरी फक्त "सुरू करायला" असेल तर तासाभराच्या प्रात्यक्षिकातून काहीच सिद्ध होत नाही.

चाकातही ऊर्जा साठते. व्हिडिओतलं चाक मी ८० सेंटिमीटर व्यासाची, १०० किलोची तबकडी धरली. वेग मिनिटाला १५०० फेरे. जडत्व-घूर्ण (फिरतं चाक थांबायला किती विरोध करतं त्याचं माप) निघतं ८ किलोग्रॅम-मीटर वर्ग, कोनीय वेग सेकंदाला १५७ रेडियन. निम्मं जडत्व गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे ९८,७०० ज्यूल, २७ वॅट-तास. घर्षण अजिबात नसतं तर २०० वॅटचे बल्ब यावर आठ मिनिटं जळले असते. व्हिडिओ दीड मिनिटाचा होता.

(या चाकाची कड ताशी २२५ किलोमीटरच्या वेगानं पळत असते. जाळी नसेल तर चाचणी घेऊ नका, आणि चाकाच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.)

लोहचुंबकांबद्दल लोकांना फार आशा असते. सर्वात ताकदवान निओडिमियम चुंबक लिटरभर घेतला, म्हणजे साडेसात किलो, तरी त्याच्या क्षेत्रातली ऊर्जा अर्ध्या किलोज्यूलपेक्षा कमी भरते. पेट्रोलच्या एका थेंबात याहून जास्त असते. चुंबक ढकलतो खरा, पण एकदा ढकलल्यावर पुन्हा पहिल्या जागी आणायला तेवढंच काम परत मागतो.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा हिशोबही असाच आहे. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला कमीत कमी ३९ युनिट लागतात, आणि तो जाळून पुन्हा पाणी झालं की तेवढीच परत मिळतात, तीही इंजिनातले सगळे तोटे शून्य धरले तर. पाणी हे इंधन नाही, ते जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. अमेरिकेत स्टॅनली मेयर यांच्या "पाण्याच्या इंधन-कोशा"ची तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा ते नेहमीचं विद्युत-अपघटन, म्हणजे विजेनं पाणी फोडणं, निघालं आणि १९९६ साली ओहायोच्या न्यायालयानं ती फसवणूक ठरवली.

वीज मोजताना होणाऱ्या चुका

शंभरातली नव्वद "जादा ऊर्जा" इथेच जन्मते, असं माझं मत आहे.

पहिली चूक क्लॅम्प मीटरची, म्हणजे वायरीला चिमट्यासारखं लावून करंट दाखवणाऱ्या मीटरची. अल्टरनेटरवर रिकामी फिरणारी मोटर जोडली, व्होल्टमीटर २३० दाखवतो, क्लॅम्प ४ अँपिअर दाखवतो. दावेदार गुणाकार करून ९२० वॅट लिहितो. तिथेच वॅटमीटर लावला तर तो २५० वॅट दाखवेल, कारण व्होल्टेज आणि करंट यांची पावलं जुळत नाहीत. हा पावलांचा फरक, म्हणजे पॉवर फॅक्टर, धरला नाही की जावक तिप्पट-चौपट फुगते. सुरुवातीच्या वर्षांत या एका आकड्यानं माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली, तेव्हापासून मी दर चाचणीला वॅटमीटर नेतो. प्लगमध्ये खोचायच्या "वीज बचत" डब्या याच चुकीवर विकल्या जातात. आत कपॅसिटर असतो, क्लॅम्पवरचा करंट खरोखर कमी होतो. पण घरगुती बिल युनिटवर येतं आणि युनिट होती तेवढीच राहतात.

दुसरी चूक लहरीच्या आकाराची. स्वस्त मल्टिमीटर सरासरी मोजून, लहर साइनच आहे असं गृहीत धरून आकडा दाखवतो. चौकोनी लहरीला तो ११ टक्के जास्त दाखवतो. दहा टक्के वेळच चालू असणाऱ्या टोकदार स्पंदांना खऱ्या आरएमएसच्या (तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर विजेच्या आकड्याच्या) एक तृतीयांशच दाखवतो. आवकेच्या बाजूला एक मीटर आणि जावकेला दुसऱ्या जातीचा असेल तर हवा तो निकाल मिळतो. खरी पद्धत एकच: क्षणाक्षणाचं व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा करंट गुणायचा आणि त्या गुणाकाराची सरासरी घ्यायची. पॉवर ॲनालायझर किंवा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर काढून दाखवणारं उपकरण) हे करतो. बँडविड्थ, म्हणजे उपकरण किती वेगवान लहरी पकडू शकतं, ते पाहून घ्या. किलोहर्ट्झमधल्या ठिणग्या ५० हर्ट्झसाठी बनवलेल्या मीटरला दिसत नाहीत.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं १९८६ साली जोसेफ न्यूमन यांचं यंत्र असंच तपासलं. बॅटऱ्यांवर चालणारं, उंच टोकांच्या स्पंदांची वीज देणारं ते यंत्र होतं. योग्य उपकरणांनी मोजल्यावर प्रत्येक स्थितीत आत गेलेली शक्ती बाहेर आलेल्या शक्तीपेक्षा जास्त निघाली.

आणि शक्तीपेक्षा ऊर्जा मोजा. क्षणाचा वॅट-आकडा उड्या मारतो. आवकेला आणि जावकेला एकाच बनावटीचे दोन युनिट-मीटर लावा, आधी ते एकामागोमाग जोडून एकाच बल्बवर तासभर चालवा आणि दोघांत किती फरक पडतो ते लिहून ठेवा. चाचणी अर्ध्यावर आली की मीटरांची अदलाबदल करा.

शंका असेल तर सगळं पाण्यात सोडा

लहर कितीही वाकडी असो, उष्णता झालेली ऊर्जा पाणी मुकाट्यानं मोजतं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणजे ५० लिटर पाणी १७ अंशांनी वर.

कृती अशी. ५० लिटरचं पिंप थर्माकोलच्या पेटीत बसवा. पाणी मोजून नाही, वजन करून भरा. तळाशी, मध्ये आणि वर असे तीन थर्मामीटर सोडा. ढवळणारा पंखा सतत चालू हवा आणि त्याची वीजही आवकेत धरा. पहिल्या दिवशी यंत्र बाजूला ठेवून महावितरणच्या लाइटवर साधा हीटर रॉड तासभर लावा, रॉडवर छापलेले वॅट न घेता मीटरवरची युनिट घ्या, दर पाच मिनिटांनी तापमान टिपा. रॉड बंद केल्यावरही दोन तास टिपत राहा, म्हणजे पिंप किती उष्णता गळतं ते कळेल. हा झाला तुमच्या पिंपाचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी तेच पिंप, तेवढंच पाणी, तोच रॉड, फक्त वीज यंत्राची. दोन आलेख एकावर एक ठेवा. (पाणी आणि वीज एकत्र आहेत. वीज गळाली की लाइन तोडणारा आरसीसीबी स्विच लावल्याशिवाय सुरू करू नका, रॉड चालू असताना पाण्यात बोट घालू नका.)

पहिल्या दिवसाची मोजणी टाळली तर काय होतं, ते मोठ्या माणसांच्या बाबतीत घडून गेलंय. २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पॅलॅडियम आणि जड पाण्याच्या बरणीत शीत संमीलन, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, साधल्याची घोषणा केली. पुरावा म्हणजे मुख्यतः जादा उष्णता. अमेरिकेतल्याच कॅलटेक या संस्थेत नेथन लुईस यांच्या गटानं तसाच कोश बांधला तेव्हा द्रव नीट ढवळला नाही तर थर्मामीटर कुठे आहे त्यावर आकडा बदलतो, हे पुढे आलं. शिवाय बाहेर गेला असं धरलेला ड्यूटेरियम (जड पाण्यातला जड हायड्रोजन) वायू आतच ऑक्सिजनशी जुळला तर ती उष्णताही "जादा" दिसते.

त्याच महिनाभरात जॉर्जिया टेक या संस्थेच्या गटानं संमीलनाची खूण असलेले न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं, कारण त्यांचा डिटेक्टर उष्णतेनंच आकडे देत होता. चूक सापडल्याबरोबर जाहीर सांगणारी ही माणसं मला फार जवळची वाटतात. ड्यूटेरियमच्या नेहमीच्या संमीलनातून एक वॅट निघत असता तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले असते, बरणीशेजारी उभा राहणारा वाचला नसता. दाव्यासोबत आणखी काय दिसायला हवं, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनीही तेव्हा प्रयोग करून न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (आणखी जड, किरणोत्सारी हायड्रोजन) यांचे अहवाल दिले, पण परिणाम हवा तेव्हा, हवा तिथे पुन्हा घडवता येईना. पुढे गूगलच्या पैशावर काही वर्षं पुन्हा काळजीपूर्वक शोध झाला, २०१९ साली निष्कर्ष आला: पुरावा मिळाला नाही.

उष्णता मोजण्यातली आणखी एक खाच वाफेची. २५ अंशांचं एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात, आणि पुढे त्याची पूर्ण वाफ करायला २२५७. नळीतून उकळतं पाणी थेंबांसकट बाहेर पडत असताना "सगळी वाफच आहे" असं धरलं तर जावक आठपट होते. २०११ साली इटलीत अँड्रिया रॉसी यांच्या "जादा उष्णते"च्या यंत्राच्या प्रात्यक्षिकांवर मुख्य आक्षेप हाच होता. उपाय स्वस्त आहे: वाफ गार पाण्याच्या पिंपात सोडा आणि पिंपाचं तापमान व वजन मोजा. उष्णतेचा कॅमेराही जपून वापरा. पृष्ठभागाची उत्सर्जकता (तो उष्णतेचे किरण किती सोडतो) चुकीची भरली तर शेकडो अंशांची चूक होते, म्हणून कॅमेऱ्यासोबत प्रत्यक्ष चिकटवलेलं थर्मोकपल (तारांचा तापमापक) हवंच.

गुपिताविना तेच यंत्र

दावेदार म्हणतो, किमया या पावडरीत आहे, या वेटोळ्यात आहे. ठीक. तर तीच जोडणी पावडरीऐवजी वाळू घालून करा. डब्यांवर फक्त १ आणि २ असे आकडे असू द्या, कुठल्यात काय आहे हे तिसऱ्या माणसानं चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करावं. मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. आकडा वाचताना मन हव्या बाजूला अर्धा अंश झुकतंच, माझंही झुकतं. सगळी नोंद पूर्ण झाल्यावर पाकीट फोडा.

चूक किती, तेही लिहा

"१०५ टक्के निघाले!", म्हणजे जावक आवकेच्या १०५ टक्के, असा फोन आला की मी मीटरची अचूकता विचारतो. आवकेत २ टक्के आणि जावकेत ३ टक्के चूक शक्य असेल तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: ३.६ टक्के. ९७ टक्क्यांचं यंत्र दर काही चाचण्यांत एकदा शंभरी ओलांडून दिसेल, आणि व्हिडिओ त्याच चाचणीचा निघेल. म्हणून झालेल्या सगळ्या चाचण्या मागा. मी एकूण चुकीच्या पाचपट फरक दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

वळसा पूर्ण करा

खरोखर जादा ऊर्जा असेल तर जावकेतला थोडा भाग आवकेला जोडून यंत्र स्वतःच्या जिवावर चाललं पाहिजे. बॅटरी काढा, पिन काढा आणि चालू द्या. किती वेळ? आतल्या सगळ्या साठ्याची बेरीज करा, पेटीत काय आहे ते उघडून दाखवत नसतील तर तिचं पूर्ण वजन लिथियम बॅटरीचं आहे असं धरा, किलोला पाव युनिट. २० किलोच्या पेटीला ५ युनिट. ५०० वॅट भारावर त्याला १० तास लागतील, मी त्याच्या दहापट, म्हणजे १०० तास मागेन. रात्रीचा पहारा पाळीपाळीनं, दाराला दोन कुलपं आणि किल्ल्या दोघांकडे.

इथपर्यंत टिकलेलं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. ते भेटलं तर पुढची पायरी म्हणजे दुसरी जागा, दुसरी माणसं. मीटरांना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची पडताळणी, आणि गाडीच्या मायलेजचा दावा असेल तर पुण्याची वाहन-चाचणी संस्था एआरएआय. प्रमाणपत्र दाखवलं तर त्यात नेमकं काय मोजलंय ते वाचा, बऱ्याचदा फक्त इन्सुलेशन तपासलेलं असतं. पेटंटचा अर्ज हा पुरावा नाही. उलट १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला शोध मानतच नाही.

त्या शेडमध्ये

आम्ही तिघं गेलो. यंत्र करणारा तिशीतला फिटर होता, हात कामाचे, बोलणं सरळ. मी त्याला चाकाचा हिशोब वहीत करून दाखवला आणि म्हटलं, आज फक्त एवढंच करू, व्हिडिओ थांबवायचा नाही. त्यानं स्वतःच वाक्य लिहिलं: दहा मिनिटांच्या आत बल्ब विझले तर यंत्र चालत नाही. सही केली.

पिन काढल्यावर पहिलं मिनिट बल्ब झगझगीत होते. दुसऱ्या मिनिटाला प्रकाश तांबूस झाला. तीन मिनिटं दहा सेकंदांनी तार फक्त लाल दिसत होती, मग तीही दिसेना, आणि चाक हळूहळू घरघरत थांबलं. कुणीच बोललं नाही. त्यानं वही माझ्याकडून घेतली, वेळ स्वतःच्या हातानं लिहिली, आणि विचारलं, "साहेब, यातली किती वीज बल्बात गेली आणि किती बेअरिंगात, हे वेगळं मोजता येईल का?"

येईल म्हटलं. बल्ब काढून पुन्हा वेग दिला आणि घड्याळ लावलं.